समर लीगमधला नवा खेळाडू खरंच चांगला आहे का? जुलैचे सामने पाहून अंदाज कसा बांधायचा

२०१२ च्या जुलैत लास वेगासच्या समर लीगमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या तरुण खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेत, सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला: पोर्टलंडचा डेमियन लिलार्ड आणि मेम्फिसचा जॉश सेल्बी. लिलार्ड पुढच्याच हंगामात एकमताने ‘रुकी ऑफ द इयर’, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूंतला (रुकींतला) सर्वोत्तम, ठरला. सेल्बीचे त्या समर लीगमध्ये साठ टक्क्यांहून जास्त थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) बास्केटमध्ये पडले होते, आणि २०१२-१३ च्या हंगामानंतर तो एनबीएमध्ये पुन्हा दिसला नाही. दोघांचेही आकडे डोळे दिपवणारे होते. त्यातला कुठला आकडा टिकणार आणि कुठला विरघळणार, हे आकड्यांकडे बघून कळण्यासारखं नव्हतं.

दर उन्हाळ्यात हेच होतं. दोन सामने झाले की एखादा पोरगा ‘पुढचा सुपरस्टार’ ठरतो, दुसरा ‘वाया गेलेला पिक’, म्हणजे संघाची फसलेली निवड. हे टाळता येतं. त्यासाठी एक सवय लावून घ्यावी लागते: शॉट पडला की नाही हे दुय्यम मानायचं आणि शॉटच्या आधी खेळाडूने काय ठरवलं, तो कुठे उभा होता, त्याचे पाय काय करत होते, ते लिहून काढायचं.

आधी ही स्पर्धा काय आहे ते नीट समजून घ्या

एनबीएचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जूनच्या शेवटी होतो आणि जुलै उजाडला की लगेच सामने सुरू होतात. सुरुवातीला कॅलिफोर्निया आणि सॉल्ट लेक सिटीतल्या छोट्या स्पर्धा, मग लास वेगासची मोठी. वेगासची स्पर्धा २००४ मध्ये ६ संघांवर सुरू झाली आणि २०१८ पासून सगळे ३० संघ तिथे उतरतात. सामने विद्यापीठाच्या आवारातल्या थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये आणि त्याला लागूनच असलेल्या कॉक्स पॅव्हेलियनमध्ये होतात. प्रत्येक संघाला किमान ५ सामने मिळतात.

संघात कोण असतं? यंदा ड्राफ्ट झालेले, गेल्या एक-दोन वर्षांतले तरुण, ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेले आणि परदेशी लीग खेळून परत संधी शोधायला आलेले पंचविशीतले खेळाडू. सराव मिळतो जेमतेम काही दिवसांचा. त्यामुळे आक्रमणात साधे पिक अँड रोल (साथीदार बचावपटूची वाट अडवतो, म्हणजे स्क्रीन लावतो, आणि मग बास्केटकडे धावतो) आणि दोन-चार ठरलेल्या चाली, एवढाच मालमसाला असतो. टर्नओव्हर (चेंडू गमावणं) भरपूर होतात, पास चुकतात, दोघे जण एकाच कोपऱ्यात धावतात. हा गोंधळ एकट्या रुकीच्या खात्यावर टाकू नका.

नियमांतले फरकही ध्यानात ठेवा. समर लीगचा सामना ४० मिनिटांचा, म्हणजे १० मिनिटांचे चार क्वार्टर. एनबीएचा ४८ मिनिटांचा. वेगासमध्ये खेळाडू १० फाउलवर बाहेर जातो, एनबीएमध्ये ६ वर. अमेरिकन कॉलेजातून आलेल्या पोरासाठी तर बरंच काही बदललेलं असतं. तिथे शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत) ३० सेकंदांचा होता, इथे २४. तिथे थ्री पॉइंटची रेषा ६.७५ मीटरवर होती. इथे कमानीवर ७.२४ मीटर आणि कोपऱ्यात ६.७ मीटर. बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा, म्हणजे पेंट, कॉलेजात १२ फूट रुंद, इथे १६ फूट. शिवाय इथे कुणाला जवळून गार्ड करत नसताना बचावपटूला पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. कॉलेजात हा नियमच नाही. तिथे रिमखाली (बास्केटच्या रिंगखाली) ठाण मांडून बसलेला उंच खेळाडू जुलैत दर दहा मिनिटांनी ही शिट्टी ओढवून घेत असेल, तर नवल नाही.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळेचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात लास वेगास आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तिथला संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३० ला. दुपारी सुरू होणारे सामने आपल्या मध्यरात्रीनंतर येतात. ते रेकॉर्डिंगवरच पाहा. मागे-पुढे करता येणं हे या कामात थेट प्रक्षेपणापेक्षा मोलाचं आहे.

सामन्याआधी अर्धा तास

एका सामन्यात दोनच खेळाडू निवडा. तिसरा घेतलात की तिघांचंही अर्धवट दिसतं.

प्रत्येकासाठी वहीचं एक पान. वरती पाच गोष्टी लिहा: वय (वर्षं आणि महिने), ड्राफ्टमधला क्रमांक किंवा ‘न निवडलेला’, एनबीएमधलं कितवं वर्ष, कॉलेजमधली किंवा आधीच्या लीगमधली फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी, आणि खऱ्या हंगामात त्याला कुठली भूमिका मिळेल याचा तुमचा अंदाज. वयाकडे सर्रास दुर्लक्ष होतं. साडेअठरा वर्षांचा पोरगा २४ वर्षांच्या गड्याला छातीने मागे रेटू शकत नाही, यात कौशल्याचा भाग थोडा आणि वर्षांचा जास्त. उलट २४ वर्षांचा गडी १९ वर्षांच्या पोरांवर ३० गुण काढतो, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी वय वाचा.

त्याखाली तीन प्रश्न लिहा, सामना सुरू व्हायच्या आत. ‘चांगला आहे का?’ हा प्रश्न चालणार नाही. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर ४० मिनिटांत डोळ्यांनी मिळेल. ‘डाव्या हाताने रिमपर्यंत जातो का?’, ‘स्क्रीनवर अडकतो की वरून निघतो?’, ‘चेंडू हातात नसताना कोपऱ्यात स्थिर उभा राहतो का?’ प्रश्न आधी लिहिले नाहीत, तर डोळे आपोआप डंकमागे धावतात.

भूमिकेचा अंदाज सगळ्यात महत्त्वाचा. जुलैत संघ मुद्दाम रुकीच्या हातात चेंडू देतात, कारण त्याला काय जमतं ते त्यांनाही बघायचं असतं. ऑक्टोबरमध्ये तोच पोरगा दोन स्टार्सच्या शेजारी कोपऱ्यात उभा राहून चेंडूची वाट पाहणार असतो. तेव्हा त्याने दहा वेळा एकास-एक खेळून काय केलं, यापेक्षा चेंडू नसताना तो कसा वागला, हे जास्त कामाचं.

दोन रकान्यांची वही

पानाच्या उरलेल्या भागात दोन रकाने आखा: ‘निर्णय’ आणि ‘निकाल’. खेळाडू ज्या पझेशनमध्ये (चेंडू एका संघाकडे असतानाच्या एका खेळीत) सामील आहे, तिथे दोन्ही रकान्यांत बरोबर किंवा चूक अशी खूण करा. सामील म्हणजे त्याने शॉट घेतला, पास दिला, चेंडू गमावला किंवा बचावात त्याच्यावर काही बेतलं.

गार्डने (चेंडू घेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूने) पेंटमध्ये शिरून दोन बचावपटू ओढले, कोपऱ्यातल्या मोकळ्या साथीदाराच्या छातीवर पास दिला आणि साथीदाराचा शॉट हुकला: निर्णय बरोबर, निकाल चूक. शॉट क्लॉकवर १८ सेकंद शिल्लक असताना त्याने हात तोंडावर असलेल्या बचावपटूसमोर मागे उडी मारून थ्री टाकला आणि तो पडला: निर्णय चूक, निकाल बरोबर. समालोचक दुसऱ्यावर ओरडतील. तुमच्या वहीत पहिला वर राहिला पाहिजे.

सामना संपला की फक्त निर्णयाचा रकाना मोजा. ४० पझेशनपैकी २८ बरोबर असतील आणि निकाल मात्र १५ च असतील, तर तो खेळाडू दुसऱ्या सामन्यातही पाहण्यासारखा आहे. निकाल निर्णयांपेक्षा बरेच जास्त असतील, तर सावध राहा.

या पद्धतीने पाहिलं की पदार्पणाचे वाईट आकडे घाबरवत नाहीत. लॉन्झो बॉलने २०१७ च्या वेगासमधल्या पहिल्या सामन्यात १५ पैकी २ शॉट मारले आणि त्याच स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला. ट्रे यंगने २०१८ मध्ये सॉल्ट लेक सिटीत २० पैकी ४ आणि थ्री पॉइंटचे ११ पैकी १ अशी सुरुवात केली. २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात तो सुरुवातीच्या पाचांत होता. व्हिक्टर वेम्बान्यामाने ७ जुलै २०२३ ला १३ पैकी २ शॉटवर ९ गुण केले, पण त्याच सामन्यात ५ ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) होते. दोन दिवसांनी २७ गुण आणि १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कूपर फ्लॅगनेही २१ पैकी ५ शॉटने सुरुवात केली आणि पुढच्याच सामन्यात ३१ गुण केले. ड्राफ्टआधीचे काही आठवडे ही मुलं संघांपुढे एकट्याने किंवा तीन-तीनच्या सरावांत घालवतात. पाच विरुद्ध पाचचा खरा सामना खेळून त्यांना महिने झालेले असतात. पाय जड असतात, श्वास पुरत नाही.

गार्ड: पिक अँड रोलमध्ये काय पाहायचं

स्क्रीन लागला की आधी विरुद्ध संघाचा बिग (रिमजवळ खेळणारा उंच खेळाडू) कुठे आहे ते बघा. तो मागे पेंटमध्ये थांबला असेल, तर गार्डपुढे मधल्या अंतराचा जम्पर (उडी मारून घेतलेला शॉट), फ्लोटर (धावता धावता उंच उडवलेला शॉट) आणि धावत्या बिगला दिलेला लहानसा पास असे तीन रस्ते असतात. चांगला गार्ड इथे घाई करत नाही. आपल्या मागे पडलेल्या बचावपटूला तो पाठीवर अडकवून ठेवतो, म्हणजे मागचा पुढे येऊ शकत नाही आणि समोरच्या बिगला एकट्याला दोघांचा विचार करावा लागतो. १९ व्या वर्षी हे करणारा पोरगा दिसला, तर वहीत ठळक लिहा. ही गोष्ट शॉट पडण्या-न पडण्यावर अवलंबून नाही आणि ती पुढे टिकते.

दोघे बचावपटू अंगावर आले, तर त्याने दोन ड्रिबल मागे घेऊन जागा केली का? की तिथेच चेंडू उचलून धरला? उचलून धरला तर पुढचा पास बहुधा चोरला जातो. बचावाने अदलाबदल केली आणि समोर जड पायांचा बिग आला, तर लगेच तुटून न पडता दोन सेकंद थांबून साथीदारांना जागेवर जाऊ दिलं का?

टर्नओव्हर मोजताना तीन प्रकार वेगळे लिहा. ड्रिबल करताना हातातून चेंडू काढून घेतला गेला, हा सगळ्यात गंभीर. जुलैतल्या बचावासमोर चेंडू सांभाळता येत नसेल, तर नोव्हेंबरमध्ये जास्तच कठीण होईल. हवेत उडी मारून मग पास शोधला, ही सवय वाईट, पण प्रशिक्षक ती मोडू शकतात. पास योग्य जागी गेला आणि साथीदार तिथे पोहोचलाच नाही, तो प्रकार सरळ सोडून द्या. समर लीगमध्ये असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) आणि टर्नओव्हरचं गुणोत्तर बिघडलेलं दिसतं, त्यात या तिसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा असतो.

गार्डसाठी मी सगळ्यात जास्त वजन देईन ते रिमवरच्या दबावाला. किती वेळा तो पेंटमध्ये दोन्ही पाय टाकतो, किती फ्री थ्रो मिळवतो. पहिलं पाऊल वेगवान असेल, तर ते कुठल्याही महिन्यात वेगवानच असतं.

शूटिंग: टक्केवारी झाकून पाहा

समजा एखाद्याची खरी क्षमता ३५ टक्के थ्री पॉइंटर मारण्याची आहे आणि पूर्ण समर लीगमध्ये त्याला २५ प्रयत्न मिळाले. निव्वळ योगायोगानेच त्याचे ६ ते ११ च्या मध्ये कितीही पडू शकतात, आणि पाचात एकदा तर या टप्प्याच्याही बाहेर. म्हणजे तोच माणूस, तोच हात, आणि टक्केवारी २४ पासून ४४ पर्यंत काहीही. २४ वर रडणं आणि ४४ वर नाचणं दोन्ही व्यर्थ.

टक्केवारीऐवजी चार गोष्टी बघा.

पहिली, तो शॉट घ्यायला कचरतो का. मोकळा असताना चेंडू आला आणि त्याने एक ड्रिबल मारून पुढे पाऊल टाकलं, तर त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही किंवा रेषा त्याला लांब वाटते. प्रयत्नांची संख्या टक्केवारीपेक्षा जास्त खरं बोलते.

दुसरी, चेंडू यायच्या आधी पाय तयार आहेत का. गुडघे वाकलेले, पावलं बास्केटच्या दिशेने, हात छातीपाशी. चेंडू हातात आल्यावर तो कमरेखाली नेऊन मग वर आणत असेल, तर कॉलेजात मिळणारा वेळ एनबीएचे लांब हातांचे बचावपटू देत नाहीत.

तिसरी, आणि हिच्यासाठी रेकॉर्डिंग थांबवून पाहा: चुकलेला शॉट कुठे लागला? रिंगच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला लागत असेल, तर दिशा बरोबर आहे, अंतर चुकतंय. नवी रेषा लांब आहे, पाय थकलेले आहेत, सरावाने हे सुधारण्याची शक्यता चांगली. चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, तर कोपर किंवा सोडण्याच्या क्षणीचं मनगट सरळ रेषेत नाही. हे दुखणं जुनं असतं आणि लवकर बरं होत नाही. प्रत्येक चुकलेल्या थ्रीपुढे ‘पु’, ‘मा’, ‘डा’, ‘उ’ असं एक अक्षर लिहा. पाच सामन्यांत पंधरा-वीस अक्षरं जमली की नकाशा दिसायला लागतो.

चौथी, फ्री थ्रो. जुलैतले नव्हे, आधीचे सगळे. १०० हून जास्त फ्री थ्रोंचा इतिहास असेल, तर भविष्यातल्या शूटिंगबद्दल तो २५ थ्री पॉइंटरपेक्षा जास्त सांगतो. ८५ टक्के फ्री थ्रो मारणारा जुलैत थ्री पॉइंटचे २० टक्के मारत असेल, तर धीर धरा. ५८ टक्केवाला अचानक ५० टक्के थ्री मारायला लागला, तर आणखी जास्त धीर धरा.

बचाव: चेंडू सोडून पाहायला शिका

इथे बहुतेक प्रेक्षक हरतात, आणि तरुण खेळाडूबद्दल सगळ्यात खरी माहिती इथेच मिळते. रेकॉर्डिंगवर एक क्वार्टर असा पाहा की ज्यात तुमची नजर चेंडूवर जाणारच नाही, फक्त तुमच्या खेळाडूवर राहील. बाजूच्या मुख्य कॅमेऱ्यात अर्धं कोर्ट दिसतं, त्यामुळे हे शक्य आहे. जवळून दाखवलेली दृश्यं आणि रिप्ले मध्ये येतात, ती पझेशन सोडून द्या.

एक पझेशन घेऊ. उजवीकडे पिक अँड रोल सुरू झाला. चेंडूवाला स्क्रीनवरून वळला, बिग रिमकडे धावला. तुमचा खेळाडू डाव्या कोपऱ्यातल्या शूटरला सांभाळतोय. बिगने पहिलं पाऊल टाकलं, त्याच क्षणी तुमच्या खेळाडूचा पाय पेंटमध्ये पडला पाहिजे. उशीर अर्ध्या सेकंदाचा झाला तरी बिग हवेत असतो. आत येऊन त्याने धावणाऱ्याला छाती लावून थोपवलं पाहिजे, हातांनी ओढून नव्हे. चेंडूवाल्याने हे पाहून डाव्या कोपऱ्यात लांब पास फेकला, तर चेंडू हवेत असतानाच त्याने परत धावायला सुरुवात केली पाहिजे. पहिली पावलं लांब, शेवटची दोन-तीन बारीक, कंबर खाली, एक हात वर. शूटरने शॉट टाकला तर हात तोंडापुढे यावा, आणि तो ड्रिबलला निघाला तर पाय जमिनीवर असावेत.

हे चार सेकंदांचं काम तीन तऱ्हांनी फसतं. एक, डोळे चेंडूवर खिळले आणि पाय जागेवरून हललेच नाहीत. दोन, आत वेळेवर गेला, पण परत येताना उडी मारून शूटरच्या पुढून थेट प्रेक्षकांत निघून गेला. तीन, सगळं बरोबर केलं, पण बिगने खांद्याने बाजूला सारलं. तिसऱ्याचं उत्तर जिममध्ये आहे, दोन वर्षांत मिळतं. दुसरं १९ वर्षांच्या जवळपास प्रत्येक मुलाचं होतं. पहिलं मात्र मोजत राहा. पहिल्या सामन्यात सहा वेळा आणि चौथ्या सामन्यात दोन वेळा झालं, तर मुलगा शिकतोय. चौथ्यातही सहाच असेल, तर ती नोंद लाल शाईने करा. नवीन गोष्ट दहा दिवसांत किती पटकन अंगवळणी पडते, हे पाहायला समर लीगसारखी दुसरी जागा नाही.

स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉकचे आकडे जुलैतल्या इतर आकड्यांपेक्षा थोडे जास्त विश्वासार्ह, कारण त्यांच्यामागे हातांची लांबी आणि अंदाज घेण्याची वृत्ती असते. डॉनोव्हन मिचेलने २०१७ मध्ये वेगासच्या एका सामन्यात ८ स्टील केले होते. ते हात नंतरही तसेच राहिले. पण जुगार खेळून मिळवलेले स्टील वेगळे ठेवा. एकदा चेंडू मिळाला आणि तीनदा मागे रस्ता मोकळा सोडला, तर तो तोट्याचाच सौदा.

बिग आणि विंग

बिगसाठी समर लीग अन्यायकारक असते. गार्ड वेळेवर पास देत नाहीत, म्हणून तो पन्नास वेळा धावतो आणि चार वेळा चेंडू मिळतो. तेव्हा गुण बघू नका. स्क्रीनचा कोन बघा, बचावपटूला खरंच धडक बसते का बघा. बचावातून आक्रमणाकडे पळताना पहिली तीन पावलं जोरात आहेत का बघा. ब्लॉकच्या मागे उडून तो आपल्या माणसाला रिबाउंड सोडून देतो का, की हात सरळ वर ठेवून समोरच्याला अवघड शॉट घ्यायला लावतो?

फाउल मिनिटांवर मोजा. २२ मिनिटांत ५ फाउल म्हणजे ३० मिनिटांत जवळपास ७. दहाची सवलत जुलैत हे झाकते. नव्या बिगने जास्त फाउल करणं स्वाभाविक आहे. फाउल कसे होतायत ते लिहा: उशिरा पोहोचून हात मारला, की हलत्या पायांनी स्क्रीन लावला?

विंग, म्हणजे गार्ड आणि बिग यांच्या मधल्या खेळाडूंचं, बरंचसं वर आलंच. फक्त कापत आत शिरण्याच्या वेळा मोजा. बचावपटूची मान चेंडूकडे वळली की जो आपोआप रिमकडे निघतो, त्याला प्रशिक्षक मिनिटं देतात.

आकडे वापरायचेच असतील तर

पाच सामने, प्रत्येकी २८ मिनिटं: एकूण १४० मिनिटं. पूर्ण हंगामात ७० सामने, रोज ३० मिनिटं खेळणारा २,१०० मिनिटं मैदानावर असतो. जुलै त्याच्या सात टक्केही भरत नाही. म्हणून सरासरी गुण सांगणं थांबवा आणि निदान कार्यक्षमता काढा. गुणांना, शॉटचे प्रयत्न अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांचा ०.४४ पट, या बेरजेच्या दुपटीने भागा. १५ शॉट, ४ फ्री थ्रो आणि १८ गुण असतील, तर १८ भागिले ३३.५२, म्हणजे ५३.७ टक्के. एनबीएची सरासरी गेल्या काही हंगामांत ५७-५८ च्या आसपास आहे. ‘१८ गुण’ ऐकून छाती फुगते. हा आकडा बघितला की ती जागेवर येते.

दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूंना वेगळ्या तराजूत तोला. पूर्ण हंगाम एनबीए पाहिलेला, वरच्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू जुलैत सगळ्यांपेक्षा एक पायरी वर दिसलाच पाहिजे. तो चमकला तर फारसं काही सिद्ध होत नाही. तो रुकींच्या गर्दीत हरवला, तर ती खरी बातमी. आणि दोन सामन्यांनंतर संघाने त्याला बसवलं, तर तो बहुधा चांगला निरोप असतो: संघाला हवं होतं ते दिसलं. वेम्बान्यामा आणि फ्लॅग दोघांनाही दोन सामन्यांनंतर थांबवलं होतं.

संघ जिंकला की हरला, ही नोंद करूच नका.

ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांकडे लक्ष ठेवा

या स्पर्धेचा खरा जीव इथे आहे. प्रत्येक एनबीए संघात १५ नेहमीच्या जागा असतात आणि २०२३-२४ पासून ३ टू-वे जागा. टू-वे खेळाडू एनबीएचे जास्तीत जास्त ५० सामने खेळू शकतो, उरलेला वेळ एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये, म्हणजे जी लीगमध्ये. या तीन जागांसाठी जुलैत घाम गाळला जातो. जेरेमी लिन २०१० मध्ये डॅलसकडून खेळला आणि जॉन वॉलसमोरच्या सामन्यातल्या खेळानंतर त्याला गोल्डन स्टेटचा करार मिळाला. ॲलेक्स कारुसोला २०१७ च्या वेगासनंतर लेकर्सने टू-वे दिलं. डंकन रॉबिन्सन २०१८ मध्ये मायामीत याच वाटेने आला.

या तिघांत समान गोष्ट अशी की प्रत्येकाकडे एक कौशल्य आधीच एनबीएच्या दर्जाचं होतं, आणि भूमिका लहान असली तरी ते चालणारं होतं: लिनचा रिमकडचा धडाका, कारुसोचा बचाव, रॉबिन्सनचं शूटिंग. न निवडलेल्या खेळाडूच्या पानावर एकच प्रश्न लिहा: मोठ्या खेळाडूंच्या शेजारी, दहा मिनिटांत, याचा काय उपयोग? चेंडू सतत हातात असल्याशिवाय ज्याचं काहीच चालत नाही, त्याच्या २५ गुणांना संघ फारसे भुलत नाहीत.

भारतीय चाहत्यांनी आपल्या खेळाडूंनाही हीच फूटपट्टी लावावी. डॅलसने २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडलेला सतनाम सिंग हा पहिला भारतीय. २०२१ मध्ये वेगासचं विजेतेपद मिळवणाऱ्या सॅक्रामेंटोच्या संघात प्रिन्सपाल सिंग होता. अभिमान वाटणं साहजिकच आहे, वाटावाच. पण अंदाज बांधताना मिनिटं बघा: सामना अटीतटीचा असताना प्रशिक्षक त्याला आत पाठवतो, की निकाल लागल्यावर? पहिला नियमित एनबीए सामना खेळणारा भारतात वाढलेला खेळाडू अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा आपल्याला त्याचा खेळ वाचता आला पाहिजे.

निकाल कसा लिहायचा

शेवटचा सामना झाला की प्रत्येक खेळाडूसाठी चार ओळी. पहिलीत: कुठलं एक कौशल्य ऑक्टोबरमध्ये लगेच चालेल. दुसरीत: कुठली गोष्ट त्याला मैदानाबाहेर बसवेल. तिसरीत: पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात काय बदललं. चौथीत: अपेक्षित मिनिटं, आकड्यात. ‘रोज १२ ते १५’ असं लिहा. ‘चांगला वाटतो’ असं लिहिलंत, तर नंतर तपासता येणार नाही.

जुलै संपेपर्यंत कुणाही १९-२० वर्षांच्या मुलाबद्दल ‘फसला’ हा शब्द वापरू नका. चेट होल्मग्रेनने २०२२ च्या सॉल्ट लेक सिटीतल्या पहिल्याच सामन्यात २३ गुण आणि ६ ब्लॉक केले. ऑगस्टमध्ये पायाला दुखापत झाली, पूर्ण हंगाम गेला, आणि २०२३-२४ मध्ये परतून तो ‘रुकी ऑफ द इयर’च्या मतदानात वेम्बान्यामाच्या खालोखाल राहिला. उन्हाळ्यातला कुठलाही अंदाज एवढं सांगू शकत नव्हता.

वही ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवा. सरावाच्या सामन्यांत तीच माणसं अनुभवी साथीदारांबरोबर दिसतील. तेव्हा चार ओळींपैकी दुसरी आधी उघडा आणि तेवढंच बघा. मग डिसेंबरमध्ये, वीसेक सामने झाल्यावर, चौथीतला आकडा प्रत्यक्ष मिनिटांशी ताडून पाहा. कुठल्या प्रकारच्या खेळाडूबद्दल तुमचा अंदाज वारंवार चुकतो, गार्ड, बिग की शूटर, ते त्या पानाच्या मागे लिहा. पुढच्या जूनमध्ये ड्राफ्ट झाला की नवी पानं आखताना त्या प्रकारासाठी तीनऐवजी पाच प्रश्न ठेवा.